समोर चाकं दिसणारी गाडी

डोळे तपासायच्या त्या मशीनसमोर मला बसवलं तेव्हा माझ्या हातात एक बटण दिलं होतं. हनुवटी एका पट्टीवर टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या पांढऱ्या वाडग्यासारख्या खोलगट भागात मधल्या ठिपक्याकडे पाहत राहायचं आणि कुठे बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. सोपं काम. मी दाबत होतो. मग उजेड चमकायचे थांबले. मी वाट पाहिली. मशीन आतून टिकटिक करत होती, पण दिसत काहीच नव्हतं.

"बंद पडली का मशीन?" मी विचारलं.

मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "नाही काका, चालू आहे. दाबा ना तुम्ही."

मी एसटीच्या लाल गाडीचा ड्रायव्हर होतो. वर्ध्याहून हिंगणी, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, सगळे रस्ते माझ्या हातांना पाठ होते. दरवर्षीच्या तपासणीत त्या वर्षी डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावरची दोन वर्तुळं माझ्यापुढे ठेवली. डाव्या डोळ्याचं वर्तुळ जवळजवळ सगळं काळं होतं. उजव्याचं कडेनं काळं, मधे पांढरं.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे तसं नाही. जेवढी नजर गेली तेवढी परत येत नाही. उरली आहे ती राखायची."

"गाडी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. बायको माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मला दिसला नाही, फक्त लागला. हे माझ्या ध्यानात आलं. कधीपासून असं होतं? मला तर सगळं दिसतंय असंच वाटत होतं. न दिसणारी जागा काळी दिसत नाही, ती दिसतच नाही, एवढंच.

मला डेपोच्या फाटकावर बसवलं. गाडी आत आली की नंबर लिहायचा, बाहेर गेली की लिहायचा. माझ्याच हाताखालची गाडी दुसरा ड्रायव्हर क्लच रगडत बाहेर काढायचा आणि मला दातांत कळ यायची. जुने सोबती हात वर करायचे. पुष्कळदा तो हात मला दिसायचा नाही. मग कोणीतरी म्हणायचं, "याले आता माज चढला." मी कोणाला काही सांगितलं नाही. घरी येऊन जेवायचो आणि भिंतीकडे तोंड करून पडायचो.

आमचं घर वर्ध्यात. बायको घरीच शिलाई करते, ब्लाउज, फॉल, पिको. मोठा भाऊ आणि वहिनी हिंगणीजवळच्या वावरात राहतात. वांगी, कोथिंबीर, मेथी, पालक. ती भाजी सेलूच्या आणि वर्ध्याच्या बाजारात जाते. एका रविवारी बायकोनं मला जबरदस्तीनं तिकडे पाठवलं. "भाऊजींकडं जाऊन या. भिंतीले पाहून पाहून भिंत घासली," ती म्हणाली.

भावाच्या टिनाच्या शेडमध्ये कुटाराच्या, गुरांच्या भुशाच्या, पोत्यांमागे एक इंजिन पडलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जीपचं, पेट्रोलचं, चार सिलेंडरचं. आमच्या वडिलांनी ते कुठूनतरी आणून विहिरीवर पंप ओढायला बसवलं होतं, वीज यायच्या आधी. लहानपणी त्याच्या फटफट आवाजावर आम्ही दोघं भाऊ वाफ्यांना पाणी द्यायचो. विजेची मोटर आली आणि ते आत गेलं, त्याला कोणी हात लावला नाही. वर चिमण्यांच्या घरट्याचा कचरा, खाली तेलाचा थिजलेला काळा थर.

"भंगारवाल्याले देऊन टाकतो आता," भाऊ म्हणाला. "जागा अडून राह्यली."

"नको देऊ," मी म्हणालो.

"काऊन?"

काऊन, ते मलाही माहीत नव्हतं. मी हँडल लावून फिरवून पाहिलं. जाम. लोखंडाला लोखंड धरून बसलं होतं. मी पाय टेकवून जोर लावला, तळहात सोलला, तरी हललं नाही. आणि त्या दिवशी खूप दिवसांनी मला भूक लागली.

मी दर रविवारी जायला लागलो, मग रजा टाकून मधल्या वारीही. प्लग काढून चारही भोकांत डिझेल आणि तेल मिसळून ओतून ठेवलं. येईन तेव्हा हँडलवर जोर. सुरुवातीला काहीच नाही. वहिनी चहा आणून द्यायची. मग एका दुपारी हँडल बोटभर सरकलं. मी ओरडलो. भाऊ वाफ्यातून खुरपं घेऊन धावत आला. त्याला वाटलं साप निघाला.

आंजी गावात माझा शाळेतला मित्र वेल्डिंगचं दुकान चालवतो. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्याला मी सांगितलं की मला या इंजिनाची गाडी करायची आहे. त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. परदेशात पोरं जुन्या गाड्यांचं टप, दरवाजे, मडगार्ड सगळं उतरवतात, जुनंच इंजिन उघडं ठेवतात आणि पळवतात. "याले हॉट रॉड म्हणते, भाऊ," तो म्हणाला. "फालतू काम. पण दिसते झकास."

मी ती गाडी पाहत राहिलो. ड्रायव्हर पार मागच्या चाकांवर बसलेला, पुढे लांबलचक इंजिन आणि त्याच्याही पुढे, दोन्ही बाजूंना, उघडी चाकं. बसलेल्या माणसाला ती समोर, नजरेच्या मधोमध दिसत होती. मला कडेचं दिसत नव्हतं. मधलं अजून दिसत होतं.

"अशीच पायजे," मी म्हणालो. "चाकं समोर दिसली पायजे मले."

मित्राला तेव्हा सगळं कळलं. तो हसायचा थांबला. "चालवशीन कुठी?"

"भावाच्या पांदणीवर. सडकेवर नाई नेत."

पांदण म्हणजे वावरांमधून जाणारा बैलगाडीचा रस्ता. भावाच्या शेडपासून नाल्यापर्यंत ती सरळ जाते, मधे एकच वळण, तिथून हिंगणीच्या फाट्याकडे वाट फुटते. तिथं कोणाचं लायसन लागत नाही.

मित्रानं एका निकामी जीपची चौकट, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल मिळवला. चौकट मधून कापून लांब केली. मी इंजिन उघडलं. या इंजिनाचे व्हॉल्व्ह डोक्यावर नसतात, बाजूला असतात. वरचं हेड म्हणजे नुसता लोखंडी पाट. व्हॉल्व्ह जळून खड्डे पडले होते. ते घासायला एक काडी असते, ती दोन्ही तळहातांमध्ये रवीसारखी फिरवायची. मी ते काम डोळे मिटून करायला शिकलो. भाऊ एकदा बघत उभा राहिला.

"डोये मिटून काऊन करून राह्यला?"

"सवय करून राह्यलो," मी म्हणालो.

 त्या दिवसापासून तो दुपारची झोप सोडून माझ्याजवळ बसायला लागला.

मला घाई होती. ही घाई कशी होती ते सांगणं कठीण आहे. सकाळी उठलो की आधी समोरच्या कॅलेंडरकडे पाहायचो. मधल्या तारखेवर नजर ठेवून कडेच्या किती तारखा दिसतात ते बघायचो. एखाद्या दिवशी कमी वाटल्या की पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच दिसल्या तरी विश्वास बसायचा नाही. रस्त्यानं चालताना उजवी डावी मान फिरवत चालायचो, कोंबडीसारखी. कधी हातगाडीला धडकायचो. लोक म्हणायचे, सकाळीच घेतली काय? औषधाचे थेंब टाकताना बायको माझं तोंड दोन्ही हातांनी धरायची आणि मी मनात म्हणायचो, आणखी थोडे महिने दे. एकदा चालवू दे. मग ने. कोणाला म्हणत होतो कोण जाणे.

इंजिन बांधून झालं. रेडिएटर बसवला, पाणी भरलं, पेट्रोल वाटीभर कार्बोरेटरमध्ये ओतलं. मित्रानं हँडल मारलं. एकदा खोकलं, दुसऱ्यांदा धूर, आणि मग ते चाललं. चारही सिलेंडर. तोच लहानपणीचा आवाज, फक्त आता पंपाच्या ओझ्याविना मोकळा. भावानं डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून हातात धरला, देवळात गेल्यासारखा. वहिनी हसत होती. मी इंजिनावर हात ठेवून उभा होतो. थरथर खांद्यापर्यंत चढत होती.

थोड्या वेळानं रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं. बाहेर कुठेच गळत नव्हतं. मी इंजिन बंद केलं, तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

पाणी आत चाललं होतं. पुन्हा सगळं उघडलं. व्हॉल्व्हच्या खोलीच्या भिंतीवर, अगदी मधे, केसासारखी चीर. वडिलांच्या काळात कधीतरी पाणी संपून तापलं असेल. मी ती चीर पाहिली नाही. ती बोटांना लागली. नखाखाली तिचा काठ लागला आणि मी तिथंच जमिनीवर बसलो.

"दुसरा ब्लॉक पाहू," मित्र म्हणाला.

"कुठी भेटते आता?"

"शोधू ना."

"कधी? कधी शोधशीन?" मी ओरडलो. "मले तेवढा टाइम नाई!"

माझा आवाज असा निघाला की वांग्यात काम करणाऱ्या बायका उभ्या राहून पाहायला लागल्या.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी उजव्या डोळ्याचं प्रेशर मोजलं आणि पुन्हा मोजलं. थेंबांनी आवरत नव्हतं. ऑपरेशन करायचं म्हणाल्या. ऑपरेशननं नजर वाढणार नव्हती, जाणं थांबलं तर थांबणार होतं. नंतर बरेच दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही.

"थोडं पुढं ढकला," मी म्हणालो.

बायको मधेच म्हणाली, "नाई, मॅडम. तुमी तारीख द्या."

बाहेर पायऱ्यांवर आमचं भांडण झालं. लोक वळून पाहत होते. मी म्हणालो, एक महिना दे, ब्लॉकचं काम होऊ दे, मी ती गाडी एकदा चालवतो, मग माझे डोळे काढून घ्या म्हण त्यांना.

ती रडत नव्हती. तिचा आवाज उलट बसका झाला होता. "गाडी थांबते," ती म्हणाली. "लोखंड आहे ते, पडून राहीन. डोया थांबत नाई. आन् तुमाले गाडीच पायजे असन तर मले सांगा, मी माह्या मायच्या घरी जातो. डोये गेल्यावर त्या इंजिनाचा हात धरून फिरजा."

मी कबूल झालो. तिच्या बोलण्यानं नव्हे, खरं सांगायचं तर मला माझ्याच ओरडण्याची भीती वाटली होती.

मी दवाखान्यात भरती झालो त्या दिवशी भाऊ आणि मित्रानं ब्लॉक जोडायला घेतला. हे मला नंतर कळलं. बिडाचं लोखंड गार असताना जोडलं तर पुन्हा तडकतं. म्हणून त्यांनी वावरात खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, ब्लॉक त्यात ठेवून हळूहळू तापवला. मित्रानं तापलेल्या ब्लॉकवर ओणवं होऊन पितळेनं चीर भरली. त्याच्या हातावरचे केस जळाले. मग भावानं सगळा ब्लॉक राखेत पुरला आणि राख गार होईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. वहिनी सांगते, तो खड्ड्याच्या काठावर खाट टाकून बसला होता, राखणीला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "ऑपरेशन चालू आहे."

माझ्या डोळ्याची पट्टी सुटली. प्रेशर उतरलं होतं. पण नजरेची मधली खिडकी आधीपेक्षा लहान वाटत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज उतरेल, धीर धरा. सूज उतरली. खिडकी तेवढीच राहिली.

मला वाकायची बंदी. मी शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत चष्मा लावून बसायचो आणि भाऊ माझ्या सांगण्यावरून नट आवळायचा. तो जन्माचा भाजीवाला. त्याच्या बोटांना रोपं कळतात. तो नट वाकडा चढवायचा आणि मी खुर्चीतून खेकसायचो. एकदा त्यानं पाना खाली ठेवला.

"पाह्य लेका," तो म्हणाला, "मी हे तुह्यासाठी करून राह्यलो. मले गाडीतलं काही समजत नाई. मले तू समजते. ओरडू नको."

 त्यानं पुन्हा पाना उचलला.

हिवाळ्याच्या शेवटी गाडी उभी राहिली. कुरूप होती. चौकटीवर बसची जुनी सीट, डाव्या बाजूला बसायला एक फळी, पुढे उघडं इंजिन आणि त्याच्या पुढे दोन चाकं, मडगार्ड नाही, काही नाही. रंग द्यायला मी कोणाला वेळ दिला नव्हता. मी सीटवर बसलो. दोन्ही चाकं दिसत होती. मान न वळवता, दोन्ही.

भाऊ फळीवर बसला. त्यानं ठरवलं होतं की डाव्या बाजूचं सगळं तो सांगेल. मित्रानं हँडल मारलं. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, तो किरकिरत बसला, आणि पाय सोडत गेलो. गाडी हलली.

ते कसं होतं हे मी कितीदा सांगून पाहिलंय. जमत नाही. तळपायाखाली क्लच कुठे धरतो ते पायाला पुन्हा कळलं. दुसरा गिअर. पांदणीची धूळ तोंडावर. समोरची चाकं चाकोरीत डुगडुगत चालली होती आणि स्टिअरिंग वळवलं की ती वळत होती, मी पाहत होतो. भाऊ म्हणत होता, "डाव्या हातले बाभूय... आता धुऱ्याचा बांध... आता खुल्लं आहे, चाल." नाल्यापाशी आम्ही थांबलो. तिथं कोणाचा तरी पाण्याचा पाइप रस्त्यात आडवा पडला होता. भाऊ उतरला. "हा नीट करतो मी. तू गाडी वळव, हळू हळू जाय. रस्ता खाली आहे," तो म्हणाला.

मी वळवली आणि एकटा निघालो. एकटा! कोणी शेजारी नाही, कोणी सांगणारं नाही. मी हसत होतो. मला माहीत आहे, कारण दातांवर धूळ बसत होती. वळणावर चाकाखाली काहीतरी खडखडलं, मला दगड वाटला. शेडपाशी येऊन मी ब्रेक लावला आणि हॉर्न नव्हता म्हणून तोंडानंच पों पों केलं. मित्र टाळ्या वाजवत होता.

मग पांदणीकडून बायको चालत आली. ती डबा घेऊन हिंगणीच्या फाट्यावर उतरून आली होती; मला माहीतच नव्हतं. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं. हातात डबा होता, चपटा झालेला. त्यातून भाजीचा रस तिच्या मनगटावरून गळत होता.

"कुठी होतीस?" मी विचारलं.

"वळणावर," ती म्हणाली. "मी तठीच उभी होती, डाव्या अंगाले. हात हलवत होती." ती दम घेत होती. "तुमी तोंड वळवलं माह्याकडं. हासले बी. मले वाटलं, दिसली मी. म्हणून हालली नाई. पार जवळ आल्यावर उडी मारली मी पाटात."

 इंजिन अजून चालू होतं. मी त्याची चावी फिरवली.

मी तिच्याकडे पाहून हसलो होतो आणि ती मला दिसली नव्हती. तोंड तिच्याकडे होतं, पण नजरेची मधली खिडकी तिच्यापासून जराशी बाजूला पडली असावी. अजूनही मी तो क्षण आठवायचा प्रयत्न करतो, तिथं तिचा रंग, तिचा पदर, काहीतरी असेल म्हणून. तिथं फक्त तुरीचे वाळलेले खुंट आहेत. माझ्या मनानं ती जागा खुंटांनी भरून टाकली होती.

मी खाली उतरलो. इंजिनाच्या बाजूला प्लगच्या वायरी जिथं जमतात ती काळी टोपी असते, तिच्याविना ठिणगी पडत नाही. मी ती वायरींसकट उपटली, विहिरीपाशी गेलो आणि आत फेकली. मग विहिरीच्या काठावरच बसून राहिलो. नाल्यावरून परतलेला भाऊ धावत आला आणि त्यानं मागून माझा शर्ट मुठीत धरला. तो काय समजला ते मला कळलं. तो फार चुकीचं समजला असंही नाही.

त्यानंतरचे दिवस मी घरी होतो. डेपोत गेलो नाही. मला कोणाची चीड नव्हती, ना डॉक्टरांची, ना देवाची. फक्त सकाळ झाली की कशाला झाली असं वाटायचं. बायकोची मशीन खालच्या खोलीत चालायची, थांबायची, चालायची. थांबली की मला कळायचं, ती पायरीवर येऊन माझा श्वास ऐकते आहे. मी झोपल्याचं सोंग करायचो. एकदा तिनं घरातलं उंदराचं औषध उचलून शेजारणीकडे नेऊन ठेवलं. मी ते पाहिलं. ती बरोबर माझ्या खिडकीच्या मधोमध उभी होती.

उन्हाळ्यात विहीर खाली गेली तेव्हा भाऊ दोर बांधून उतरला. वहिनी वरून ओरडत होती म्हणे, म्हातारा झाला तरी अक्कल नाही. गाळात हात घालून घालून त्यानं ती टोपी शोधली. धुऊन, वाळवून, पेपरात गुंडाळून घेऊन आला आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"मी नाई चालवत," मी म्हणालो.

"तू नको चालवू," तो म्हणाला. "मी कुठी म्हणलं तू चालव? पाण्यातली वस्तू होती, आनून देली."

बायको दारात उभी होती. "मले शिकवा," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं कधी सायकलही चालवली नव्हती.

"तुमाले दवाखान्यात कोन नेईन?" ती म्हणाली. "दरवेळी कोनाची गाडी मांगायची? मले शिकवा. मंग पुढं लायसन काढतो. आन् तिच्यावरच शिकतो मी, त्या भंगारावर. ती मोडली तरी कोनी काही म्हणत नाई."

मी नाही म्हणालो. कित्येक दिवस नाही म्हणालो. ती गाडी तिच्यावर चालून गेली होती, तिच्यात तिला बसवायची कल्पनाच मला सहन होत नव्हती. शेवटी टोपी घेऊन ती एकटीच हिंगणीला गेली आणि तिनं भावाकडून टोपी बसवून घेतली. भावानं मला फोन केला. "तुही बायको गाडीवर बसून राह्यली. मले क्लच का असते तेबी माहीत नाई. तू येतं, का मीच सांगू तिले कायबी?"

मी पहिल्या लाल गाडीनं गेलो.

तिला शिकवणं सोपं गेलं नाही. पायात बळ होतं, शिलाई मशीनच्या पायडलीनं ते आलेलं, पण हात आणि पाय एकमेकांना विचारायचे नाहीत. गाडी उडी मारून बंद पडायची. एकदा गाडी हौदाच्या भिंतीला टेकली. मी डाव्या फळीवर बसून ओरडायचो, तसा मी डेपोतल्या नव्या ड्रायव्हरांवर ओरडायचो. ती ब्रेक लावून थांबायची.

"पॅसेंजरवर असेच वरडत होते का?" ती विचारायची.

"पॅसेंजर स्टिअरिंग धरत नाई."

"मंग तुमी आता पॅसेंजर. गप बसा."

मी गप्प बसायचो. फळीवरून मला काही दिसायचं नाही, उजवीकडे तोंड केलं तर तिचं कोपर, पुढे केलं तर एक चाक. मी इंजिन ऐकायचो. आवाज जाड व्हायला लागला की म्हणायचो, "आता," आणि ती गिअर टाकायची. बरेच दिवस असंच चाललं, आता, आता. मला वाटायचं निदान एवढं तरी माझं आहे.

परवा आम्ही वांग्याचे क्रेट मागे ठेवून पांदणीनं फाट्यापर्यंत निघालो होतो. भाऊ मागे पायी येत होता. वळणानंतर रस्ता मोकळा होतो तिथं आवाज चढायला लागला. मी तोंड उघडलं. मी बोलायच्या आत तिनं क्लच दाबून दुसरा टाकला होता, न किरकिरता. तिला ते कळलंही नाही. ती समोर पाहत होती.

पुढच्या महिन्यात पुन्हा डोळ्यांच्या त्या मशीनसमोर ते बटण हातात घेऊन बसायचं आहे. मी तोंड मिटलं आणि क्रेट पडू नयेत म्हणून मागे हात टाकून धरून ठेवले.